गाण्याच्या व्हिडिओत बाई कशी दाखवली जाते, हे कपड्यांवरून ओळखावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिका लिहितात की, स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलींनी सध्या गाजत असलेल्या एका व्हिडिओ गाण्यावर नाच बसवायला घेतला. त्यावर काही पालकांनी “असले कपडे आणि असले हावभाव आमच्या शाळेत नकोत” अशी हरकत घेतली, तर काहींनी “मग लावणी कशी चालते?” असा उलट सवाल केला. अशा गाण्यांत नेमके वाईट काय असते, ते कपड्यांवरून ठरवायचे का, आणि मुलामुलींशी हा विषय कोणत्या शब्दांत बोलायचा, असे त्यांनी विचारले आहे.

मॅडम, मी समाजशास्त्राचा अभ्यासक नाही. मी गेली २३ वर्षे सांगलीत व्हिडिओ एडिटिंगचे, म्हणजे संकलनाचे काम करतो. लग्नाच्या चित्रीकरणापासून सुरुवात केली, पुढे लोकगीतांच्या व्हीसीडी आल्या, मग यूट्यूबसाठीची अल्बमगाणी आली, आणि गेली आठ वर्षे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत गाण्याचा व्हिडिओ कसा पाहावा यावर मी मुलांचे वर्गही घेतो. ज्या गाण्यांविषयी आपण विचारले आहे, तशी गाणी माझ्या हातून गेलेली आहेत. काही तर मी रात्र-रात्र जागून, मन लावून जोडलेली आहेत. त्यामुळे ती कशी घडतात हे मला बाहेरून अंदाजाने सांगावे लागत नाही, आणि ते स्पष्टपणे सांगणे हे मी माझे देणे समजतो.

पालकांची अस्वस्थता खोटी नाही, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर धावपटूचा तोकडाच वेष होता. ती शर्यत आपल्या भागातल्या घराघरांत आजी-आजोबांसह पाहिली गेली आणि कुणाचीही मान खाली गेली नाही, कारण कॅमेरा त्यांची धाव, समोरचा अडथळा, पाण्यातली उडी आणि शर्यतीतली त्यांची जागा पाहत होता. याउलट नऊवारी घ्या. आठ मीटरहून अधिक लांबीचे, घोट्यापर्यंत अंग झाकणारे ते वस्त्र. तरीही नथ, अंबाडा, नऊवारी अशा पूर्ण वेषातल्या मुलीचे असे चित्रीकरण मी पाहिले आहे आणि जोडलेही आहे, की ते वडिलांसमोर लावता येऊ नये. कापड तेवढेच होते, फरक कॅमेऱ्याने केला होता. म्हणून माझे पहिले आणि मुख्य म्हणणे असे की, बाईचे लैंगिकीकरण तिच्या अंगावरच्या कपड्यात शोधू नये. कॅमेऱ्याची उंची, चौकटीची कड, हालचालीचा वेग आणि एका शॉटला दुसरा शॉट जोडण्याची रीत यांत ते घडते, आणि हे चारही निर्णय नाचणाऱ्या मुलीचे नसतात.

हे निर्णय कसे घेतले जातात ते सांगतो. साडेतीन मिनिटांचे गाणे म्हणजे २१० सेकंद. सरासरी दोन सेकंदांचा शॉट धरला तर शंभराहून अधिक तुकडे. प्रत्येक तुकड्यात चौकटीच्या आत काय ठेवायचे आणि बाहेर काय सोडायचे हे कुणीतरी ठरवलेले असते. नायकाचा शॉट बहुधा छातीपासून वर असतो, किंवा तो, त्याची गाडी आणि मागचे शिवार असा पूर्ण असतो. नायिकेच्या वाट्याला मात्र गळ्यापासून गुडघ्यापर्यंतची चौकट येते, ज्यात डोके नसते आणि म्हणून नजरही नसते. कॅमेरा पैंजणापासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो आणि चेहरा सर्वांत शेवटी येतो. माणूस ओळखण्याची आपली रोजची रीत बरोबर उलटी केली जाते. मग वेग. सेकंदाला १०० फ्रेमने, म्हणजे १०० स्थिर चित्रांनी, टिपलेली हालचाल २५ फ्रेमच्या गतीने चालवली, की एका सेकंदाची गोष्ट चार सेकंद टिकते. नाचात मुलगी कमरेचा झोका देते तशी ती भुवईही उचलते, मान वळवते, मैत्रिणीकडे पाहून हसते. यांपैकी चौपट लांब काय करायचे हे माझ्या माउसवर असते. शेवटी ताल: ढोलकीच्या प्रत्येक थापेला एक तुकडा, म्हणजे थाप आणि कंबर, थाप आणि पाठ. असे आठ-दहा वेळा झाले की पाहणाऱ्याच्या मनात तिचे शरीर हे तालाचेच एक वाद्य होऊन बसते. वाद्याला कुणी नाव विचारत नाही.

एक प्रसंग सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली चित्रित झालेले एक गाणे माझ्याकडे जोडायला आले. पठारावर वारा इतका, की नाचणाऱ्या मुलीचा पदर प्रत्येक टेकला, म्हणजे दर वेळच्या चित्रीकरणात, उडत होता. कच्चे फुटेज पाहताना आम्हाला ‘कट’ म्हटल्यानंतरचेही काही सेकंद दिसतात, जे प्रेक्षकांना कधीच दिसत नाहीत. त्या सेकंदांत ती १९ वर्षांची मुलगी दर वेळी दोन्ही हातांनी पदर सारखा करायची आणि कॅमेऱ्याच्या उजवीकडे उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारायची, “दिसलं नाही ना काही?” तिला बहुधा “नाही” असे उत्तर मिळत असावे, कारण पुढच्या टेकला ती पुन्हा निर्धास्त हसत उभी राहायची. दिसले होते. ज्या टेकमध्ये दिसले होते तेच टेक निवडायला निर्मात्याने मला सांगितले आणि मी ते निवडले. वेग कमी केला, रंग उजळला, तिच्या प्रश्नाचा आवाज काढून टाकला. तीन महिन्यांनी ती आईला घेऊन स्टुडिओत आली. पुढचे काम मिळवण्यासाठी तिला गाण्याची प्रत हवी होती. मी गाणे लावून दिले. आई मध्येच उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. मुलगी शेवटपर्यंत बसली आणि मग तिने एवढेच विचारले, “माझं नाव कुठं आलंय?” श्रेयनामावलीत जनरेटरवाल्याचे नाव होते, जेवण पुरवणाऱ्याचे होते, माझे होते. तिचे नव्हते. त्या गाण्याखाली लोकांनी ज्या घाणेरड्या प्रतिक्रिया लिहिल्या, त्या सगळ्या तिला उद्देशून होत्या. मला किंवा निर्मात्याला एकही नव्हती. त्यानंतर तशा प्रकारचे काम मी घेतले नाही, आणि आपल्या पालकांची हरकत मुलींच्या कपड्यांवर येऊन थांबते तेव्हा मला ती मुलगीच आठवते.

आणखी एक जोडणी आहे, जी समजली की अशा गाण्यांची निम्मी करामत उलगडते. आधी एका पुरुषाचा पाहतानाचा शॉट लावायचा आणि लगेच त्याला जे दिसते तो शॉट लावायचा. मधे काहीही न सांगता प्रेक्षक त्या पुरुषाच्या डोळ्यांच्या जागी जाऊन बसतो. दारूच्या गुत्त्यातले, लग्नाच्या मांडवातले किंवा यात्रेतल्या तमाशाच्या फडासमोरचे पुरुष मधूनमधून दाखवण्याचे कारण गर्दी भरणे एवढेच नसते. कुठे पाहायचे आणि कसे पाहायचे याचे प्रात्यक्षिक ते पुरुष देत असतात. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या रचनेला ‘पुरुषी नजर’ म्हटले आणि तिचे तीन पदर दाखवले: कॅमेऱ्याची नजर, पडद्यावरच्या पुरुषांची नजर आणि प्रेक्षकाची नजर, तिन्ही एका रेषेत आणलेल्या. त्यांचे विवेचन हॉलीवूडच्या चित्रपटांचे होते, पण सांगलीतल्या माझ्या टेबलावरही तीच रेष आखली जात असे. यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट ही, की गाणे पाहणारी आपल्या वर्गातली १४ वर्षांची मुलगीही त्याच पुरुषाच्या जागी बसवली जाते. ती नायिकेला आतून पाहत नाही. ती तिला त्याच्या डोळ्यांनी पाहते, आणि मग आरशासमोर उभी राहून स्वतःलाही.

पालक ज्यांना ‘सभ्य’ म्हणून मान्यता देतात त्या गाण्यांकडेही मी आपले लक्ष वेधू इच्छितो. गावाकडच्या प्रेमगीतांचे व्हिडिओ पाहा. मुलगी एसटी स्टँडवर उभी, अंगावर पूर्ण बाह्यांचा ड्रेस, खांद्यावर ओढणी, हातात वह्या. मुलगा बुलेटवरून मागे येतो, वाट अडवतो, तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवतो, ती दोनदा तोंड फिरवते आणि दुसऱ्या कडव्याअखेर हसते. कुठेही अंगप्रदर्शन नाही, त्यामुळे हे गाणे शाळेत चालते. पण साडेतीन मिनिटांत त्या मुलीला एक वाक्य नाही, एक काम नाही. तिचा नकार हा होकाराच्या आधीचा सोपस्कार म्हणून वापरला आहे. मुलीने नको असल्याचे दाखवूनही पुन्हापुन्हा तिचा पाठलाग करणे हा २०१३ पासून आपल्या दंडविधानात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आला आहे. जो प्रकार वर्गातल्या मुलाने केला तर आपण पालकांना बोलावून घेऊ, तोच आपण गाण्यात प्रेम म्हणून मुलांना दाखवतो.

ही वाट अडवण्याची कल्पना आजची नाही. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण म्हणजे जकात मागतात, आणि त्या थट्टेत द्व्यर्थी संवादांना मोकळे रान मिळते. आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे वळण देताना गणात, म्हणजे तमाशाच्या आरंभीच्या वंदनात, मातृभूमीला आणि शिवरायांना वंदन आणले आणि गवळणीला फाटा दिला. नाच, ढोलकी, विनोद त्यांनी सोडला नाही, तरी लोक गर्दी करून आले. गवळण काढली तर प्रेक्षक येणार नाहीत, असे तेव्हाही म्हणणारे असतीलच; आज माझ्यासमोर बसलेला निर्माता तेच म्हणतो.

आता लावणीचा सवाल. तो टाळण्यासारखा नाही, कारण त्यात खरी अडचण आहे. लावणीत शृंगार आहे, तो उघड आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. वाईच्या लावणी-कलावंत यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. बैठकीची लावणी काय असते हे ज्यांनी त्यांच्याकडून पाहिले, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बसलेली बाई, अंगभर लुगडे, आणि एकच ओळ पुन्हापुन्हा गाताना दर वेळी निराळा अर्थ काढणारा चेहरा आणि हात. त्या ओळीत ती मागते, रुसते, टोचून बोलते, समोरच्याला खिजवते, कधी त्याचे वाभाडेही काढते. शृंगारात समोरासमोर दोन माणसे लागतात, आणि त्यांतली एक इथे बोलते आहे. तिच्या नजरेला नजर द्यावी लागते. अल्बमगाण्यातली डोके कापलेली चौकट ही सोयच काढून घेते: पाहणारा पाहत राहतो आणि त्याच्याकडे परत पाहणारे कुणी नसते. शृंगार आणि लैंगिकीकरण यांतला हा फरक मुलांना सहज समजतो, फक्त तो दाखवावा लागतो.

पण लावणीचे सोवळे चित्र रंगवणेही मला मान्य नाही. त्या लावण्या बहुतांशी पुरुष शाहिरांनी रचल्या. त्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया बहुतेक कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतून आल्या, आणि माडीवर किंवा फडावर दाद देणारेच दिवसा त्यांना गावात मान देत नव्हते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी-कलावंतांकडे जातीच्या अंगाने पाहायला शिकवले, आणि ते वाचल्यावर ‘आपली संस्कृती’ एवढे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. तेव्हा त्या पालकांना आपण असे सांगू शकता: लावणी चालते, पण ‘लावणी’ हे नाव लावले म्हणून काहीही चालत नाही. स्नेहसंमेलनात लावणी बसवायची असेल तर ती म्हणणारी बाई काय म्हणते आहे हे आधी मुलींना समजावून सांगा. शब्दांचा अर्थ नववीच्या मुलीच्या तोंडी शोभणारा नसेल तर ती लावणी थोर असली तरी त्या वयाची नव्हे.

लैंगिकीकरण म्हणजे काय, याची एक नेमकी व्याख्या मला कामाला येते. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००७ च्या अहवालात ती केली आहे. पुढील चारांपैकी एक जरी गोष्ट घडली तरी ते लैंगिकीकरण होय, असे तो अहवाल म्हणतो: माणसाचे मोल केवळ लैंगिक आकर्षणावरून ठरवणे, सुंदर दिसणे म्हणजे मादक दिसणे असा मापदंड लावणे, माणसाला स्वतंत्र इच्छा असलेली व्यक्ती न मानता दुसऱ्याच्या उपभोगाची वस्तू करणे, आणि लैंगिकता अयोग्य रीतीने कुणावर लादणे. शेवटची गोष्ट लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत लागू पडते. पाचवीतल्या मुलीने मोठ्या बाईचा ओठ चावण्याचा हावभाव हुबेहूब केला आणि सभागृहाने शिट्ट्या मारल्या, तर तिथे कपड्यांचा प्रश्नच नाही. मोठ्यांची लैंगिकता तिच्यावर लादली गेली आहे आणि शिट्टी मारणाऱ्या प्रत्येकाने ती लादली आहे.

याचा परिणाम मुलींच्या मनावर कसा होतो, याबद्दल बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोन अभ्यासकांनी १९९७ साली मांडणी केली. मुलगी स्वतःच्या शरीराकडे सतत बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहू लागते, आणि त्या पहारेदारीत तिचे बरेच लक्ष खर्च होते, असा त्याचा आशय आहे. १९९८ च्या एका प्रयोगात महाविद्यालयीन मुलामुलींना एकेकट्याने आरशाच्या खोलीत पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला देऊन गणिताची उदाहरणे सोडवायला सांगितली. पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींची कामगिरी स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा घसरली. मुलांमध्ये तशी घसरण दिसली नाही. खोलीत पाहणारे दुसरे कुणीही नव्हते. मी मुलींना रील करताना पाहतो तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. पूर्वी नाचताना मुलगी समोरच्या मैत्रिणीकडे पाहायची. आता ती मोबाइलच्या पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत नाचते, आणि पाऊल चुकण्यापेक्षा कोन चुकल्याची तिला अधिक काळजी असते.

धंद्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण एकट्या कुणाच्या दुष्टपणाने हे होत नाही. मी काम सुरू केले तेव्हा रिमिक्स गाण्यांची लाट होती आणि ती केबलवर दिसायची. पुढे स्टँडजवळच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. पोरे कोणती गाणी मागतात हे दुकानदाराला तोंडपाठ असे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि दुकानदाराची जागा थंबनेलने घेतली. लोक गाणे ऐकून निवडत नाहीत, बोटाएवढ्या चित्रावर क्लिक करतात. म्हणून अनेकदा गाणे पूर्ण होण्याआधी संकलकाकडे थंबनेल मागितले जाते, आणि ते गाण्यातल्या सर्वांत उघड्या क्षणाचे असावे अशी मागणी असते. त्यात उभ्या चौकटीने भर घातली. आडव्या चौकटीत नाचणारी मुलगी, तिच्या चार मैत्रिणी, ढोलकीवाला आणि मागचा कृष्णेचा घाट हे सगळे मावते. तेच गाणे रीलसाठी उभे कापताना घाट जातो, वादक जातात, मैत्रिणी जातात आणि एकटे शरीर उरते. त्या मुलीने नाच एका घोळक्यात केलेला असतो. जगाला ती एकटी दिसते.

“मग यावर बंदी का नाही?” असेही पालक विचारतील. चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, केवळ इंटरनेटवर टाकलेल्या गाण्याला तसे आधी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहे, पण पूर्ण कपड्यातल्या कमरेचा संथ शॉट यांपैकी कशातच बहुधा सापडणार नाही. शिवाय बंदीची किंमत कोण मोजते हेही आपल्या राज्याने पाहिले आहे. २००५ साली डान्स बार बंद केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण मधल्या आठ वर्षांत रोजी गेली ती नाचणाऱ्या बायांची, पैसे उधळणाऱ्यांची नव्हे.

आता आपल्या शाळेत काय करता येईल ते सांगतो. ज्या मुलींनी ते गाणे निवडले त्यांना कृपया दोषी धरू नका, “तुम्हाला हेच गाणे सापडले का?” या एका वाक्याने त्या पुढे काहीही बोलायच्या बंद होतात. त्यांना गाणे का आवडले ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर ठेका हे असते, आणि ठेका चांगला असतोच. मग वर्गात, मुलगे-मुली एकत्र असताना, तेच गाणे आवाज बंद करून लावा. ठेका गेला की चित्र उघडे पडते. काय दिसले ते त्यांनाच सांगू द्या. मिरजेजवळच्या एका शाळेत आठवीतली मुलगी म्हणाली होती, “सर, तो कुठंतरी चाललाय, ती नुसती तिथंच आहे.” २३ वर्षांत इतक्या नेमक्या शब्दांत हे मला कुणी सांगितले नव्हते. नायकाला शेत आहे, गाडी आहे, तालीम आहे, मित्र आहेत; तिला जायला गावच नाही.

त्यानंतर मोबाइल मुलांच्या हाती द्या. तासगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वर्गातल्याच एका मुलाला, त्याच्या संमतीने, नायिकेचे चित्रीकरण करतात तसे टिपायला लावले: बुटांपासून वर चढणारा कॅमेरा, संथ वेग, डोक्याशिवायचा शॉट, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या चार जणांचे शॉट मधे. पडद्यावर लागताच वर्ग खो-खो हसला. हसू ओसरल्यावर मी विचारले की मुलीचे असे पाहताना आपल्याला हसू का येत नाही, आणि वर्ग बराच वेळ गप्प राहिला. तो मुलगा नंतर मला बाहेर भेटून म्हणाला, “उभा होतो तेव्हा सारखं वाटत होतं, माझं काहीतरी चुकलंय.” मुलांशी बोलायचे ते इथून. मुलींना सांभाळून राहायला सांगणारे खूप आहेत. पाहणे ही आपण करत असलेली कृती आहे आणि ती बदलता येते, हे मुलांना सांगणारे फारसे कुणी नाही.

नाच बसवताना एक साधा नियम ठेवा: ज्या पावलाचा अर्थ मुलगी आपल्या शब्दांत सांगू शकते ते पाऊल ठेवायचे. आणि कार्यक्रमाच्या दिवशी चित्रीकरणाकडे लक्ष द्या, कारण आपण निवडलेले निर्दोष गाणेही तिथे बिघडू शकते. शाळेचा रंगमंच तीन-चार फूट उंच असतो आणि फोटोग्राफर त्याच्या कडेला खाली उभा असतो. तिथून मुलींचे चित्रीकरण आपोआपच खालून वर होते. कॅमेरा स्टँडवर, सभागृहाच्या मागच्या भागात, रंगमंचावरील मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायला सांगा आणि पूर्ण गट चौकटीत ठेवायला सांगा. मंचाच्या कडेला मोबाइल घेऊन कुणालाही बसू देऊ नका, पालक असले तरी. व्हिडिओ वर टाकायचा की नाही हे मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका, आणि टाकलाच तर शेवटी प्रत्येकीचे नाव लिहायचे की नाही हेही त्यांनाच विचारा.

शक्य असेल तर जोडणीलाही त्यांनाच बसवा. गेल्या वर्षी एका शाळेच्या नऊ मुली माझ्या स्टुडिओत तशा बसल्या होत्या. मी सवयीने एका गिरकीचा वेग कमी करून दाखवला. त्यांनी तो शॉट पाहिला आणि काढायला सांगितला. त्याऐवजी त्यांनी जो ठेवला त्यात रांग मोडली होती, मागची एक मुलगी पाऊल विसरून थांबली होती, आणि पुढची मान वळवून तिला डोळ्यांनी “ये” म्हणत होती. मी म्हटले, यात चूक दिसते आहे. त्या म्हणाल्या, “राहू द्या सर, यात आम्ही आहोत.” दोन सेकंदांचा तो शॉट त्यांच्या व्हिडिओत मूळ वेगात आहे.